एसव्हीटी-40 स्नायपर : फोटोत, काचेमागे आणि लिलावात ओळखायची रीत

दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत रायफलीवर दुर्बीण दिसली की 'स्नायपर' असा शिक्का मारून लोक मोकळे होतात. एसव्हीटी-40 या अर्ध-स्वयंचलित रायफलीच्या बाबतीत हा शिक्का बऱ्याचदा चुकतो. दुर्बीण काढता-बसवता येते, नंतर कुणीही लावू शकतो. कारखान्यातून स्नायपर म्हणून बाहेर पडलेल्या रायफलीची खूण दुर्बिणीवर नसते, ती रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या मुख्य सांगाड्याच्या, पोलादात कोरलेली असते. ही खूण कुठे शोधायची, त्याआधी समोरची वस्तू एसव्हीटी-40 आहे हे कसं ठरवायचं, आणि दुर्बिणीवरचे आकडे व गॅसची रचना (गोळीमागच्या वायूने रायफल आपोआप चालवणारी) कशी वाचायची, ते इथे क्रमाने दिलं आहे. जुने फोटो धुंडाळणारे, संग्रहालयं बघणारे, 1/35 प्रमाणातली छोटी मॉडेल करणारे आणि परदेशात राहून लिलावाच्या याद्या चाळणारे, अशा सगळ्यांना हे उपयोगी पडेल. भारतात अशी रायफल सामान्य परवान्यावर मिळत नाही. इतर देशांतही कायदे बदलत राहतात, तेव्हा तिथला आजचा नियम आधी बघा आणि मग किंमत विचारा.

थोडी पार्श्वभूमी लागेल. फ्योदोर तोकारेव यांची एसव्हीटी-38 ही रायफल फेब्रुवारी 1939 मध्ये लाल सैन्याने स्वीकारली. फिनलंडशी झालेल्या हिवाळी युद्धात तिच्या तक्रारी वर आल्या. मग सुधारलेली, थोडी हलकी एसव्हीटी-40 एप्रिल 1940 मध्ये मंजूर झाली. 1941 या एका वर्षात साध्या एसव्हीटी दहा लाखांहून जास्त तयार झाल्या, स्नायपर मात्र सुमारे 35 हजार. म्हणजे दर शंभरामागे तीन-साडेतीन. 1942 मध्ये स्नायपर सुमारे 14 हजारांवर आल्या आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून त्यांचं उत्पादन थांबलं. समोर आलेली 'स्नायपर' तपासताना हे प्रमाण डोक्यात असू द्या. बाजारात फिरणाऱ्या दुर्बीणवाल्या एसव्हीटींची संख्या या हिशेबात बसत नाही.

आधी रायफल कोणती ते ठरवा

नळीच्या टोकापासून सुरुवात करून मागे सरका. फोटो धूसर असला तरी हा क्रम चालतो, कारण पुढचा भाग सहसा आभाळासमोर किंवा बर्फासमोर येतो आणि स्पष्ट दिसतो.

नळीच्या तोंडावर मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करणारा फटींचा भाग, असतो. सुरुवातीच्या एसव्हीटी-40 वर त्याला दोन्ही बाजूंना सहा-सहा अरुंद फटी असतात. नंतरच्या नमुन्यात दोन-दोन मोठ्या फटी दिसतात. फोटो 1941 च्या उन्हाळ्यातला आहे असं सांगितलं जात असेल आणि ब्रेकवर दोनच मोठ्या फटी असतील, तर तारखेवर विश्वास ठेवू नका.

त्यामागे नळीभोवती गोल भोकांचं पत्र्याचं आवरण असतं, आणि ते संपतं तिथे लाकूड सुरू होतं. एसव्हीटी-40 ला या जागी एकच बँड (लाकूड आवळणारं कडं) असतो, एसव्हीटी-38 ला दोन. आणखी सोपी खूण साफसफाईच्या गजाची. एसव्हीटी-38 चा गज लाकडी स्टॉकच्या उजव्या अंगाला कोरलेल्या खोबणीत बसतो. एसव्हीटी-40 चा गज नळीच्या खाली असतो. उजवी बाजू दिसत असेल तर एवढं पाहिलं तरी पुरतं. संगीन लावलेली असेल तर तीही बघा : 38 चं पातं सुमारे 36 सेंटीमीटर, 40 चं सुमारे 24.

मॅगझिन दहा काडतुसांचं, खाली जेमतेम बाहेर आलेलं. त्याच्यापेक्षा लांब, पुढे वळलेलं मॅगझिन दिसलं आणि नळीच्या टोकाला भलामोठा ब्रेक असेल तर ती सिमोनोव्हची एव्हीएस-36 असावी. तिचं मॅगझिन 15 काडतुसांचं. तिच्यावरही दुर्बीण लावलेले थोडे नमुने निघाले होते, पण ती पीई जातीची, लांब नळीची, रिसीव्हरच्या डाव्या बाजूच्या बैठकीवर बसलेली.

जर्मन गेवेर 43 मुळे मोठा गोंधळ होतो. तिची गॅसची रचना एसव्हीटीवरूनच उचललेली आहे आणि मॅगझिनही दहाचंच. पण तिच्यावरची झेडएफ-4 दुर्बीण रिसीव्हरच्या उजव्या अंगाला असलेल्या पट्टीवर बसते. एसव्हीटीची दुर्बीण मधोमध, रिसीव्हरवर स्वार झाल्यासारखी. शिवाय जर्मनांनी पकडलेल्या एसव्हीटी स्वतःच्या यादीत घेऊन वापरल्या. त्यामुळे जर्मन गणवेशातल्या सैनिकाच्या हातात एसव्हीटी दिसली म्हणून फोटो बनावट ठरत नाही.

मोसिन-नागांतशी गल्लत व्हायला नको, तरी होते, कारण दोघींवर पीयू नावाची तीच छोटी सोव्हिएत दुर्बीण असते. मोसिनचा बोल्ट (काडतुसामागून नळी बंद करणारा सरकता भाग) हाताने ओढायचा, स्नायपर नमुन्यात त्याची दांडी लांब आणि खाली वाकवलेली. दुर्बिणीची बैठक डाव्या बाजूला स्क्रूने आवळलेली. एसव्हीटीला बाजूला बैठक नसतेच.

एक तपासणी सगळ्यात आधी करायला हवी ती इथे सांगतो : फोटो उलटा छापलेला नाही ना? एसव्हीटीचा खेचायचा दांडा उजव्या बाजूला असतो. तो डावीकडे दिसला तर निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे. अशा फोटोवरून गजाची खोबण किंवा दुर्बिणीची बाजू ठरवायला गेलात तर सगळंच उलटं निघेल.

आता स्नायपरची खूण

रिसीव्हरच्या मागच्या भागात, दोन्ही अंगांना, आडव्या रेल कोरलेल्या असतात. दुर्बिणीचा माउंट, म्हणजे तिला धरणारी बैठक, मागून पुढे या रेलवर सरकतो. बरेच लोक इथेच थांबतात : 'रेल आहे, म्हणजे स्नायपर.' हा निष्कर्ष चुकीचा आहे. सुरुवातीला साध्या एसव्हीटींच्या रिसीव्हरवरही या रेल सर्रास कोरल्या जात. कोणत्याही रायफलीवर पुढे दुर्बीण चढवता यावी असा विचार त्यामागे होता. युद्ध पेटल्यावर यंत्रांचा वेळ वाचवण्यासाठी साध्या रायफलींवरून त्या वगळल्या. म्हणून रेल नसलेली रायफल स्नायपर नव्हती हे नक्की सांगता येतं. रेल असलेली स्नायपर होती असं मात्र म्हणता येत नाही.

खरी खूण म्हणजे रिसीव्हरच्या मागच्या टोकाकडे, वरच्या बाजूला कोरलेली आडवी खाच. माउंट रेलवर सरकवून जागेवर आला की त्याची आडवी कडी या खाचेत अडकते आणि माउंट झटक्यासरशी जागचा हलायचा थांबतो. रेल माउंटला आधार देते, खाच त्याला अडवते. खाच नसेल तर प्रत्येक गोळीबरोबर दुर्बीण जागेवरून घसरेल. साध्या रायफलीला या खाचेचा काही उपयोग नाही, म्हणून कारखाना ती फक्त स्नायपरवर कोरत असे.

नकली माल इथेच पकडता येतो. साधी पण रेल असलेली एसव्हीटी घेऊन कुणीही नंतर खाच पाडू शकतं, आणि नवे बनवलेले माउंट बाजारात आहेत. भिंगाने खाच तपासा :

- खाचेच्या आतल्या धातूचा रंग आजूबाजूच्या रिसीव्हरसारखाच हवा. भोवती जुनं, झिजलेलं ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा मुलामा) आणि खाचेत चकचकीत पोलाद किंवा ताजा काळा रंग दिसला तर काम नंतरचं.
- खाचेच्या कडा मिलिंग यंत्राच्या, सरळ आणि एकसारख्या असाव्यात. कानशीच्या तिरप्या ओरखड्यांचं कारण विक्रेत्याला सांगता आलं पाहिजे.
- एखादा शिक्का किंवा आकडा खाचेने अर्धा खाल्ला असेल तर आधी शिक्का, नंतर खाच.
- शिक्क्यातलं साल बघा. स्नायपरचं उत्पादन 1942 मध्ये थांबलं, तेव्हा 1943 किंवा 1944 सालच्या रायफलीवर खाच असेल तर ती संशयास्पद.

उलट प्रकारही पुष्कळ सापडतो. रेल आहेत, खाच जुनी आणि अस्सल आहे, पण दुर्बीण नाही. युद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांत या रायफली दुरुस्त करून साठवल्या गेल्या आणि अनेक स्नायपरवरून दुर्बिणी उतरवून त्यांना साध्यांत जमा केलं. अशा रायफलीवर चौकोनात तिरपी रेघ असा दुरुस्तीचा शिक्का असतो. लाकडावर लाखेची चकाकती लालसर झिलई असते, बोल्ट काळा केलेला असतो, आणि मॅगझिन, बोल्ट, ट्रिगर गार्डवर विद्युत-लेखणीने खरडलेले, बारीक हलत्या अक्षरातले क्रमांक जुळवलेले असतात. 'सगळे क्रमांक जुळतात' हे विक्रेत्याचं वाक्य ऐकलं की ते क्रमांक ठोकलेले आहेत की खरडलेले, एवढंच विचारा. खरडलेले असतील तर जुळणी युद्धानंतरची आहे. त्यात फसवणूक काही नाही, पण मूळ रायफलीची किंमत द्यायचं कारणही नाही.

कारखान्याची खूण बघायची तर तुलाचा तारा आणि इझेव्स्कचा त्रिकोणातला बाण या दोन नेहमीच्या. चौकोनात लॅटिन लिपीतलं 'एसए' असेल तर रायफल फिनलंडच्या सैन्याच्या ताब्यातून आलेली. फिन लोकांनी या रायफली मोठ्या संख्येने हस्तगत करून स्वतः वापरल्या. असे नमुने सोव्हिएत दुरुस्तीतून गेलेले नसल्यामुळे त्यांच्यावर मूळ झिलई आणि मूळ क्रमांक टिकलेले असण्याची शक्यता बरीच जास्त. आमच्या मते अभ्यासासाठी एकच नमुना बघायला मिळणार असेल तर 'एसए' शिक्क्याचा बघावा.

आणखी एक भाऊबंद : एव्हीटी-40, 1942 मधली, सलग मारा करू शकणारी. एसव्हीटीत ट्रिगरमागची छोटी पट्टी सरळ खाली लटकवली की सुरक्षित, बाजूला फिरवली की मारा. एव्हीटीत ती विरुद्ध बाजूलाही फिरते. सलग माऱ्यात ही हलकी रायफल आवरत नाही आणि भाग लवकर तुटतात, म्हणून तो प्रयोग फार चालला नाही. तिला स्नायपर म्हणणारी यादी दिसली तर पुढे जा.

पीयू दुर्बीण वाचणं

पीयू मुळात एसव्हीटीसाठीच बनली. मोसिनवर ती 1942 पासून आली, आणि मोसिनवरच ती गाजली. वाढ 3.5 पट, दृष्टिक्षेत्र साडेचार अंश, लांबी 169 मिलिमीटर, वजन 270 ग्रॅम. त्याआधीच्या पीई दुर्बिणीपुढे ती अगदी छोटी दिसते. डोळा भिंगापासून सुमारे सात सेंटीमीटरवर ठेवावा लागतो. त्याहून जवळ गेलं तर धक्क्याने भुवई फुटते, लांब राहिलं तर चित्राभोवती काळी कड येते.

माउंट कमानीसारखा आहे, त्याखालून साधी माशी आणि मागचं साइट दिसतं. दुर्बीण फुटली किंवा लक्ष्य अगदी जवळ आलं तर ती न काढता नेम धरता यावा म्हणून ही सोय. त्याची किंमत अशी की दुर्बीण उंच बसते आणि साध्या साइटसाठी घडवलेल्या बटवर गाल नीट टेकत नाही. मान उचलून, हनुवटीवर भार देऊन बघावं लागतं. जुन्या फोटोंत स्नायपरचं डोकं जरा वर उचललेलं दिसतं त्याचं कारण हेच.

वरच्या ड्रमवर (फिरवायच्या गोल बटणावर) 1 ते 13 आकडे असतात : 100 ते 1300 मीटर. बाजूच्या ड्रमवर शून्याच्या दोन्ही अंगांना 10 पर्यंत खुणा, त्या 'हजारांश' मध्ये. एक हजारांश म्हणजे हजार मीटरवर एक मीटर, शंभर मीटरवर दहा सेंटीमीटर. रायफल एकदा ठराविक अंतरावर नेमात आणली की ड्रमवरचे बारीक स्क्रू सैल करून कडं मोकळं फिरवायचं, त्या अंतराचा आकडा खुणेसमोर आणायचा आणि स्क्रू पुन्हा आवळायचे. स्क्रू आवळताना कडं किंचित सरकतं, हा इथला नेहमीचा घोटाळा. म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा एकदा त्याच अंतरावर तपासणी करत.

आतली खूण म्हणजे खालून वर आलेला टोकदार खांब आणि दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या. खांबाची आणि पट्ट्यांची जाडी 2 हजारांश, दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा 7 हजारांश. अंतराचा हिशेब त्यावरून निघतो : लक्ष्याची रुंदी मीटरमध्ये घ्या, हजाराने गुणा, आणि ते जितके हजारांश व्यापतं त्याने भागा. माणसाचे खांदे अर्धा मीटर धरले आणि ते खांबाच्या जाडीएवढे दिसले तर 500 भागिले 2, म्हणजे 250 मीटर. खांबाच्या निम्मे दिसले तर 500 मीटर. 2.1 मीटर रुंद ट्रकचं तोंड दोन पट्ट्यांमधल्या फटीत नेमकं बसलं तर 2100 भागिले 7, म्हणजे 300 मीटर. खांदे तिरपे असले की उत्तर जास्त येतं, आणि तिरप्या माणसावर फसलेला नेम सहसा डोक्यावरून जातो.

या दुर्बिणीची एक खोड लक्षात ठेवा. ड्रम फिरवला की खूणच चित्रात सरकते. आजच्या दुर्बिणींत ती कायम मधोमध दिसते, पीयूत तसं नाही. नेमात आणलेल्या रायफलीत खांब थोडा बाजूला असणं सामान्य आहे. पण तो पार कडेला गेला असेल तर माउंट तिरपा बसला आहे किंवा माउंट मूळचा नाही. काचेमागच्या नमुन्यात हे बघता येत नाही, लिलावात मात्र दुर्बिणीतून घेतलेला फोटो मागून घ्यावा. पुष्कळ गोष्टी एका झटक्यात कळतात.

आत काय चालतं, आणि बिघडतं कुठे

भारतीय फौजेत ज्यांनी 1ए1 एसएलआर हाताळली आहे त्यांना एसव्हीटी अनोळखी वाटणार नाही. नळीच्या वर आखूड धावेचा पिस्टन, बोल्टचं मागचं टोक खाली झुकून रिसीव्हरमध्ये अडकणं, गॅस कमी-जास्त करायची सोय, हे सगळं दोघींत आहे. फरक पिस्टनच्या पुढच्या टोकाशी. एसव्हीटीत गॅस ब्लॉकमधून एक स्थिर तोटी मागे आलेली असते आणि तिच्यावर पेल्यासारखा भाग टोपीगत बसतो. गॅस आला की पेला मागे उडतो, मधल्या दांड्याला ढकलतो, तो ठेलकाठीला, ती बोल्ट कॅरियरला, म्हणजे बोल्टला मागे-पुढे नेणाऱ्या भागाला. मग स्प्रिंग सगळं पुन्हा पुढे आणते.

गॅस किती घ्यायचा ते ठरवणारा रेग्युलेटर पंचकोनी, त्याला पाच भोकं : 1.1, 1.2, 1.3, 1.5 आणि 1.7 मिलिमीटर. आकडे जवळजवळचे वाटतात, पण 1.7 च्या भोकाचं क्षेत्रफळ 1.1 च्या जवळजवळ 2.4 पट आहे. ते फिरवायला खास पाना लागतो. नियम साधा : रायफल भरवशाने चालेल असं सगळ्यात छोटं भोक. थंडीत वंगण घट्ट झालं किंवा धूळ-काजळी साचली तर एक पायरी वर जायचं, आणि रायफल साफ झाल्यावर पुन्हा खाली यायचं.

यातली दुसरी पायरी विसरली जाते आणि बहुतेक दुखणी तिथून सुरू होतात. भोक लहान पडलं तर बोल्ट पुरता मागे जात नाही, रिकामं काडतूस अडकतं किंवा पुढचं उचललं जात नाही. ते लगेच कळतं. भोक मोठं असेल तर रायफल उत्तम चालल्यासारखी वाटते, पण बोल्ट कॅरियर मागे जोरात आदळतो, काडतुसाची कड एक्स्ट्रॅक्टरखाली (रिकामं काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याखाली) फाटते, धक्का वाढतो, गोळ्या विखुरतात आणि भागांना तडे जातात. खंदकातला नवखा सैनिक अडकणाऱ्या रायफलीवर एकच उपाय करतो : मोठं भोक. मग रायफल 'खराब' ठरते.

त्यात काडतूस 7.62 गुणिले 54 मिलिमीटर, बुडाला बाहेर आलेली कड असलेलं. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली तर ते पुढे सरकतच नाही. म्हणून प्रत्येक काडतुसाची कड आधीच्या कडेच्या पुढे पडेल असं भरायचं. मोसिनच्याच पाचांच्या क्लिपने मॅगझिन रायफलीत ठेवून वरून भरता येतं. रिसीव्हरच्या आवरणावर क्लिपसाठी खाचा असतात. रिकामी काडतुसं सहज सुटावीत म्हणून चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) उभ्या चरी कोरल्या आहेत. त्यामुळे एसव्हीटीतून सुटलेल्या काडतुसाच्या पुढच्या भागावर काजळीच्या उभ्या रेघा उमटतात. जुन्या रणभूमीवर सापडलेली काडतुसं मोसिनची की एसव्हीटीची हे यावरून ओळखता येतं.

आणि क्षार. त्या काळच्या सोव्हिएत काडतुसांच्या बुडातली पेटवणारी कॅप जळल्यावर जो क्षार उरतो तो हवेतलं पाणी ओढतो आणि पोलाद गंजवतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. नुसतं तेल पुसून रायफल 'साफ' केली तर क्षार तेलाखाली तसाच राहतो. मोसिनमध्ये हे दुखणं नळीपुरतं. एसव्हीटीत गॅस तोटी, पेला आणि रेग्युलेटरही गंजतात, आणि गंजलेला रेग्युलेटर पान्यानेही हलत नाही. जुना नमुना तपासताना रेग्युलेटर फिरतो का हे बघा. पंचकोनाच्या कडा गोल झाल्या असतील तर कुणीतरी आधी पक्कडीने झगडून गेलं आहे.

साफसफाईसाठी सैनिक ती ज्या क्रमाने खोलत तो असा : मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून चेंबर रिकामं असल्याची खात्री करा, बोल्ट पुढे सोडा. रिसीव्हरचं आवरण पुढे दाबून मागची स्प्रिंग व तिचा मार्गदर्शक दांडा सोडवा, आवरण मागे सरकवून काढा. ती स्प्रिंग दबावाखाली असते, हात सुटला तर ती लांब उडते. कॅरियर मागे घेऊन वर उचला, बोल्ट त्यातून सुटा होतो. पुढे, पत्र्याच्या आवरणाची कळ दाबून ते उतरवा. मधला दांडा मागे दाबून सोडवा, मग पेला तोटीवरून ओढून काढा. पेल्याच्या तळाशी काजळीची खपली जमते, ती खरवडायची. जोडणी नेमकी उलटी. रोजच्या साफसफाईसाठी ट्रिगरचा संच सोडवायची गरज नाही. तो पुन्हा पुन्हा काढला की रिसीव्हर लाकडात सैल बसतो आणि नेम भरकटतो.

मग मोसिन का जिंकली

नेमबाजीत स्नायपर एसव्हीटीच्या गोळ्यांचं विखुरणं मोसिनच्या साधारण दीडपट असे. पातळ नळी तापली की गोळी भरकटते. वर गॅसचे भाग हलतात, लाकडात रिसीव्हर सैल होतो, आणि गोळी सुटताना तोंडावर दिसणारी झगझगीत ज्वाला अंधारात जागा दाखवून देते. चारशे-पाचशे मीटरपर्यंत, पटापट दुसरी गोळी हवी असेल तर ती चांगली. त्यापुढे मोसिन.

पण उत्पादन थांबलं त्यात नेमबाजीइतकाच वाटा पैशाचा आणि वेळेचा होता. एसव्हीटीचे 143 भाग, त्यात 22 स्प्रिंगा, बारा जातींचं पोलाद. 1941 च्या उन्हाळ्यात सीमेवरच्या साठ्यांतल्या असंख्य रायफली हातच्या गेल्या, शरदात तुलाचा कारखाना उरलच्या दक्षिणेला मेद्नोगोर्स्कला हलवावा लागला. घाईत भरती झालेल्या माणसाच्या हातात रेग्युलेटरची रायफल देण्यापेक्षा जुनी मोसिन देणं शहाणपणाचं होतं. नौसैनिकांच्या पायदळात मात्र एसव्हीटी टिकली, कारण तिथली माणसं जास्त शिकलेली होती आणि निगा राखत.

याचा फोटोंवर परिणाम दिसतो. सोव्हिएत स्नायपर ल्युदमिला पावलिचेंको यांचे गाजलेले फोटो एसव्हीटी-40 आणि पीयूसह आहेत, पण त्यांच्या नावावरचे 309 बळी सगळे याच रायफलीचे असं लिहिणारी ओळ धरू नका, त्यांनी मोसिनही वापरली. दुसरे गाजलेले सोव्हिएत स्नायपर वासिली झायत्सेव यांची स्टालिनग्राडमधली रायफल मोसिन, आजही व्होल्गोग्राडच्या संग्रहालयात आहे. त्यांच्या नावाखाली एसव्हीटी दाखवणारं चित्र चूक.

मॉडेल करणाऱ्यांसाठी दोन बारकावे. पीयूच्या भिंगांवर पट्ट्याने जोडलेली चामड्याची टोपणं दाखवली तर तपशील अस्सल वाटतो. आणि माउंट रिसीव्हरच्या मागच्या भागावर बसवा. बाजारातल्या बऱ्याच किटमध्ये दुर्बीण मॅगझिनच्या बरोबर वर चिकटवायला सांगितलेली असते. तिथे ठेवली तर ती रिकामी काडतुसं बाहेर पडायच्या जागेवरच येते.